तुळशीराम पाटलाचा खोकला

रोज दुपारी चार वाजले की तळवलीच्या तुळशीराम पाटलाच्या डाव्या कानाला खाज सुटायची. कान झाला की नाक. मग तो मिशीवरून बोट फिरवायचा, छातीवर हात ठेवायचा, आणि घसा ठणठणीत असताना खोकायचा. हे सगळं घरच्या ओट्यावर, प्लास्टिकच्या खुर्चीत बसून, मोबाइलकडे टक लावून.

त्याची बायको दमयंती आठवडाभर कोळंबी सोलता सोलता हा प्रकार बघत होती. आठव्या दिवशी तिनं सुनेला, रुतिकाला सांगितलं, "याना डाक्टरकडं न्यावाला पायजे. सारखे छातीवर हात ठेवतान. इचारला तर बोलतान काय नाय."

डॉक्टरनं कान बघितला, नाक बघितलं, छातीला वायरी लावून कागदाची लांबलचक पट्टी काढली. पट्टीत काही दोष नव्हता.

"पाटील, दुखतंय कुठं?"

"कुठंच नाय."

"मग छातीला हात का लावता?"

"बदाम असला तर लावाया लागतो ना."

डॉक्टरनं एकदा तुळशीरामकडे बघितलं, एकदा दमयंतीकडे, आणि खोकल्याचं औषध लिहून दिलं. हातात काहीतरी बाटली पडल्याशिवाय दमयंती उठणार नाही, एवढं त्याला कळलं असावं.

आता हा बदाम पत्त्यांमधला, हे सांगायला नको. तुळशीराम मोबाइलवर मेंढीकोट खेळत होता.

ज्यांना मेंढीकोट येतो त्यांनी चार ओळी चहा पिऊन यावं. बाकीच्यांसाठी: खेळायला चौघं, समोरासमोरचे भिडू. प्रत्येकाला तेरा पानं; मोठं पान हात उचलतं, आणि हुकमाचा रंग बाकी सगळ्या रंगांना मारतो. चार रंगांच्या चार दश्श्या, त्यांना म्हणायचं मेंढ्या. ज्या जोडीनं जास्त मेंढ्या हाकून घरी नेल्या, ती जिंकली. आणि एखाद्या जोडीनं चारही नेल्या, तर समोरच्यांवर मेंढीकोट चढला. साधं हरणं वेगळं आणि कोट चढणं वेगळं. परीक्षेत नापास होणं आणि निकालाच्या दिवशी बापानं शाळेत येणं, यात जेवढा फरक आहे तेवढा.

तुळशीराम एकतीस वर्षं रबाळ्याच्या एका पंपाच्या कारखान्यात फिटर होता. तिथं जेवणाच्या सुट्टीत दहा मिनिटांत डबा आणि वीस मिनिटांत डाव, असा हिशेब होता. आणि तिथं एक रीत होती. ज्यांच्यावर कोट चढला त्या दोघा भिडूंनी एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून कॅन्टीनच्या दारात उभं राहायचं आणि तीनदा मेंढीसारखं 'बॅऽऽ' करायचं. मॅनेजर समोरून येत असला तरी. युनियनचा सेक्रेटरी उदयसिंह एकदा पगारवाढीच्या बोलणीला जाता जाता दारात बॅ करून गेला होता. त्या वर्षीची पगारवाढ बघितली तर आत जाऊनही त्यानं तेच केलं असावं, असं लोक म्हणायचे.

त्या दारात सगळ्या कारखान्यानं बॅ केलं. नाही केलं ते फक्त तुळशीराम पाटलानं आणि त्याच्या भिडूनं, शिवराम तांब्यानं. एकतीस वर्षांत एकदाही नाही. तळवलीत तुळशीरामच्या दोन मजली घराला किंमत होती, मुलाच्या, धनेशच्या नोकरीला किंमत होती, पण त्याच्या स्वतःच्या मते त्याची खरी मिळकत हीच.

या मिळकतीचं मूळ होतं खुणांमध्ये. डावा कान म्हणजे इस्पिक, नाक म्हणजे चौकट, मिशी म्हणजे किलवर, छाती म्हणजे बदाम. आणि खोकला म्हणजे सगळ्यात मोठी खूण: 'टाक दश्शी, मागचा मारत नाही.' कोणाकडे कोणतं पान उरलंय याचा हिशेब तुळशीराम एकटा ठेवायचा. शिवरामनं फक्त समोर बघायचं. कधी त्यानं स्वतःच्या बुद्धीनं पान टाकलंच, तर तुळशीराम डोळे वटारायचा. "शिवा, डोका नको चालवू. माझ्याकडं बघ."

समोरची जोडी बहुतेक वेळा स्टोअरकीपर कमळाकर आणि वेल्डर हिरामण यांची असायची. कमळाकर साताऱ्याकडचा. त्याला या खुणांचा संशय वीस वर्षांपासून होता, पण कान खाजवणाऱ्या माणसावर आरोप काय ठेवणार? त्यानं आजवर त्या दारात सतरा वेळा बॅ केलं होतं. आकडा त्याला पाठ होता. तुळशीरामलाही होता.

चौघंही रिटायर झाले. शिवराम खेडजवळच्या आपल्या वाडीत घर बांधून बायको जाईबाईबरोबर राहायला गेला. तुळशीरामला वाटलं, संपलं. आपण न हरता निवृत्त झालो. तेवढ्यात कमळाकरनं ऐरोलीहून सगळ्यांना एक लिंक पाठवली. मोबाइलवरचा मेंढीकोट. पैशाबिशाचा संबंध नाही. चौघांचं स्वतःचं टेबल, दुपारी चारला बसायचं, बोलायला माइक. खाली लिहिलं होतं: "पाटील, आता कान खाजवा."

पहिला महिना तुळशीरामचा फार वाईट गेला. पानं तीच, डोकं तेच, पण समोर शिवरामच्या जागी एक गोल फोटो, त्यात शिवराम विहाराच्या पायरीवर चष्मा लावून हसतोय. त्या फोटोला तुळशीराम कान खाजवून दाखवायचा. फोटो हसत राहायचा. सवय हाताला होती, डोक्याला नव्हती. म्हणून तर डॉक्टर. आणि खोकला माइकवरून जायचा खरा, पण तो गेला की कमळाकर लगेच ओरडायचा, "हां हां! औषध घ्या पाटील, औषध!" दोन दिवसांत त्यानं नियमच केला: डाव सुरू झाला की तुळशीरामचा माइक बंद.

कोट चढला नाही, एवढंच. बाकी रोज हार.

आणि मग एकाएकी शिवराम सुधारला.

म्हणजे काय सुधारला! चार वाजता यायचा, "काय पाटील, जेवलास का?" विचारायचा, पाच-दहा मिनिटं नेहमीसारखा घाण खेळायचा, आणि मग जो गप्प व्हायचा तो डाव संपेपर्यंत गप्प. पण पानं अशी टाकायचा की वाटावं, चौघांचे पत्ते त्याला उताणे दिसतायत. तुळशीरामच्या एक्क्यावर बरोबर दश्शी. हुकूम कधी मारायचा, कधी दाबून ठेवायचा, काटेकोर. आठवड्याभरात जोडी जिंकायला लागली. तिसऱ्या आठवड्यात कमळाकर-हिरामणवर कोट चढला, आणि कमळाकरला माइकवर अठरावं बॅ करावं लागलं. तुळशीरामनं धनेशकडून त्याची रिंगटोन करून घेतली. एपीएमसीत कांदे घेताना फोन वाजला, तर शेजारच्या हमालानं पाठीवरची गोणी सावरत मागं वळून बघितलं.

रोज संध्याकाळी तुळशीराम शिवरामला फोन लावायचा. "शिवा, काय पान टाकलंस रं! मना वाटला तू राजा टाकशील. तू दुर्री टाकलीस! एकतीस वर्सा कुठं लपवली व्हती ही अक्कल?"

पलीकडून शिवराम थोडा थांबून म्हणायचा, "जमतंय आता हलूहलू."

कमळाकरला हे सोसलं नाही. त्यानं जाहीर केलं: येत्या रविवारी रिटायर मंडळींचं वार्षिक जेवण त्याच्या सोसायटीच्या हॉलमध्ये आहे, पंधरा-वीस जण येतील, तिथं सगळ्यांसमोर एकच डाव. तिघं हॉलमध्ये आपापल्या मोबाइलवर, शिवराम गावाहून. कोट चढला तर बॅ तिथंच, हॉलच्या दारात.

"चढव की," तुळशीराम म्हणाला. "माझा शिवा आता पयलंचा शिवा नाय."

हे किती खरं होतं ते त्याला शनिवारी कळलं.

शनिवारी रुतिकाला सुट्टी होती. महापेच्या एका कंपनीत ती कॉम्प्युटरवर काम करायची. चहाचा कप द्यायला ओट्यावर आली तेव्हा चार वाजून वीस मिनिटं झाली होती आणि तुळशीराम खुशीत मांडी थोपटत होता.

"बघ, बघ! टाकली दश्शी! याला म्हनतात भिडू!"

रुतिकानं वाकून बघितलं. "पप्पा, कोणी टाकली?"

"शिवानं."

"शिवराम काका नाहीयेत इथं."

"हा काय त्याचा फोटो."

"फोटो आहे, पण करडा झालाय बघा. आणि खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय? 'ऑटो'. त्यांचं नेट गेलंय, पप्पा. माणूस बाहेर पडला की त्याच्या जागी ॲप स्वतःच खेळतं."

तुळशीरामनं चष्मा पुसला. ऑटो. मुंगीएवढी अक्षरं होती, पण होती.

"कवापासून असेल हा?"

"मला काय माहीत? तुम्ही तिघं रोज बघता ना? सहा डोळे, तीन चष्मे!" रुतिकाला हसू आलं, पण सासऱ्याचं तोंड बघून तिनं ते गिळलं. "चहा घ्या. थंड होतोय."

तुळशीरामनं चहा घेतला नाही. घरात जाऊन शिवरामला फोन लावला.

"शिवा, तुझा नेट जातो?"



"व्हय," शिवराम म्हणाला. "पयला मी वर टाकीपाशी जायाचो. पान्याच्या टाकीपाशी रेंज पक्की. मग ढोपर सुजला. घरातनं खेळतो, पन धा मिनटात नेट जाते."

"मंग सांगाया काय झाला व्हता?"

"सांगनार व्हतो रे. पयल्याच दिवशी सांगनार व्हतो. पन तू फोन केलास नि म्हनलास, शिवा, काय खेळलास!" शिवराम म्हणाला, "पाटील, एकतीस वर्सात तू कवा असा बोलला नव्हतास. म्हनला, दोन दिवस ऐकू. मग दोनाचे चार झाले."

 तुळशीरामनं मनात एकतीस वर्षं चाळून बघितली. 'डोका नको चालवू' बरंच सापडलं. दुसरं काही सापडेना.

"आता उद्याचा सांग," शिवराम म्हणाला. "टाकीपाशी गेलो तर मी खेळीन. घरात बसलो तर तो खेळल. तो जिंकवील तुला. मना वाईट नाय वाटनार. तू बोल, तसा करतो. तुझ्या अबरूचा सवाल हाय."

"सकाली सांगतो," म्हणून तुळशीरामनं फोन ठेवला.

त्या दिवशी जेवणात त्यानं बोंबलाचा एकच तुकडा घेतला. दमयंतीनं न बोलता खोकल्याच्या औषधाची बाटली ताटाशेजारी आणून ठेवली. तो मात्र मनात बेरजा मांडत होता. मशीन खेळलं तर कोट चढायची भीती नाही. कमळाकरला पुन्हा नाक घासायला लावता येईल. नेट जाणं काही लबाडी नव्हे. कोकणात ते कोणाचंही जातं. आणि समजा, पत्तेच वाईट आले, मशीनचंही काही चाललं नाही आणि कोट चढलाच? तर?

इथं त्याची बेरीज अडली. कारण मशीन बॅ करणार नाही. हॉलच्या दारात, वीस जणांसमोर, कोणाच्याही खांद्यावर हात न ठेवता, तुळशीराम पाटील एकटा ओरडताना दिसेल.

सकाळी सात वाजता त्यानं शिवरामला फोन केला. "टाकीपाशी जा."

"नक्की?"

"जा बोललो ना. नि जाईबाईला सांग, खुर्ची घे बरोबर. उभा नको राहू."

ऐरोलीच्या हॉलमध्ये पुरी-भाजी झाली, श्रीखंड झालं, उदयसिंहाचं भाषण झालं. मग तीन टेबलं तीन कोपऱ्यांत मांडली गेली. कमळाकर परीटघडीचा शर्ट घालून हिंडत होता.

"माइक सगळ्यांचे बंद," तो म्हणाला. "आन् पाटील, एक हात फोनवर, एक टेबलावर. कानाला खाज आली तर हिरामण खाजवंल."

हॉल हसला. तुळशीरामच्या फोनवर शिवरामचा फोटो रंगीत होता. खाली काही लिहिलेलं नव्हतं. म्हणजे टाकीपाशी पोचला होता.

डाव सुरू झाला आणि तिसऱ्या हातालाच कळलं की हा अस्सल शिवराम आहे. जिथं दुर्री टाकायची तिथं त्यानं राणी टाकली. जिथं मारायचं तिथं बदाम फेकून दिला. पहिली मेंढी गेली. दुसरी गेली. किलवरचा हुकूम झाला आणि तिसरीही गेली. लोक आता तुळशीरामच्या पाठीमागं उभे राहून बघायला लागले. डाव हातातून गेलेलाच होता. प्रश्न उरला होता कोटाचा. इस्पिकची दश्शी अजून बाहेर होती.

दोन हात उरले. तुळशीरामकडे इस्पिकचा एक्का आणि चौकटची पंजी. त्याचा हिशेब डोक्यात लख्ख होता. दश्शी शिवरामकडे आहे. शिवरामनंतर खेळणार कमळाकर, आणि कमळाकरकडे इस्पिकच उरलंय, म्हणजे तो हुकूम मारू शकत नाही. आता एक्का टाकायचा, शिवरामनं त्यावर दश्शी टाकायची, मेंढी घरात. कोट टळला. मशीननं हे डोळे मिटून केलं असतं.

त्यानं एक्का टाकला. हिरामणची नव्वी आली. आता शिवराम.

फोटोभोवतीचं वेळेचं कडं फिरायला लागलं. शिवराम पान टाकेना. कडं अर्धं झालं. आणि तुळशीरामला एकदम उमगलं तो कशासाठी थांबलाय. एकतीस वर्षं शिवरामनं खोकला ऐकल्याशिवाय दश्शी टाकली नव्हती. दूर खेडजवळच्या एका टाकीपाशी, सुजलेलं ढोपर लांब करून बसलेला तो माणूस, माइक बंद आहे हे विसरून, फोनला कान लावून वाट बघत होता.

तुळशीराम खोकला.

ठरवून नाही. आपोआप आला. चांगला मोठा, घसा खरवडून काढणारा.

"ए!" कमळाकर ओरडला. "लबाडी! लबाडी!"

"माइक बंद हाय त्याचा!" हिरामण म्हणाला. "खोकू दे. कोन ऐकतंय?"

कोणी ऐकलं नाही. कडं संपत आलं आणि शिवरामनं दश्शी छातीशी धरून इस्पिकची चौकी टाकली. कमळाकरची सत्ती पडली. हात तुळशीरामचा झाला, पण त्यात मेंढी नव्हती. शेवटचं पान: तुळशीरामची पंजी, त्यावर हिरामणची हुकमाची तिर्री, आणि त्या तिर्रीच्या पायाशी शिवरामची दश्शी, बिचारी, आपण होऊन चालत आली.

चार मेंढ्या. कोट.

हॉलमध्ये जो गोंधळ उठला तो ऐकून सोसायटीचा वॉचमन धावत आला. कमळाकर दोन्ही हात वर करून नाचत होता. श्रीखंड शर्टावर सांडलं तरी त्याला शुद्ध नव्हती. "दारात! दारात! व्हिडिओ लावा तांब्याला!"

व्हिडिओ लावला. शिवराम दिसला, मागं टाकी, शेजारी छत्री धरून जाईबाई. तो घाबराघुबरा झाला होता.

"पाटील, तू खोकला नायस?"

"खोकलो रं शिवा. आवाज बंद व्हता."

"तरीच! मी म्हनला, पाटील खोकत नाय म्हंजे कमळाकर मारनार. म्हनून राखली." मग हळू आवाजात, "त्याला खेळू दिला असतास तर बरा झाला असता."

"त्याला बॅ करता येत नाय," तुळशीराम म्हणाला. "चल. हो उभा."

त्यानं फोन डाव्या खांद्यावर टेकवून धरला, आणि हॉलच्या दारात उभा राहिला. पलीकडं शिवराम खुर्चीचा हात धरून उठला आणि दुसरा खांदा न सापडल्यामुळं त्यानं जाईबाईच्या खांद्यावर हात ठेवला. दोघांनी मिळून पहिलं बॅ केलं. ते जरा चिरकलं, सवय नव्हती. दुसरं बरं आलं. तिसऱ्याला टाकीच्या उतारावर चरणाऱ्या कोणाच्या तरी शेळ्यांनी मान वर करून उत्तर दिलं, आणि मग शेळ्याच थांबेनात. जाईबाई छत्री टाकून खाली बसली. कमळाकर हसता हसता रडायला लागला होता. "एकतीस वर्सं," तो हिरामणला सांगत होता, "एकतीस वर्सं, लेका!"

सोमवारी चार वाजता तुळशीराम ओट्यावर बसला. शिवराम आला, "काय पाटील, जेवलास का?" म्हणाला.

"जेवलो. आयक. आजपास्न तू मोजाया शिकायचा. प्रत्येक रंगाची तेरा पाना. पडलेली मोज. खोकल्याची वाट नको बघू."

"साठीच्या पुढं?"

"डोका चालव, शिवा. हाय तुला."

 मग दोन डाव शिवरामनं मोठ्यानं मोजत मोजत खेळले, सगळी बेरीज चुकली, आणि कमळाकरनं मधे मधे मुद्दाम भलतेच आकडे सांगितले. तिसऱ्या डावात तुळशीरामनं बदामचा एक्का टाकला आणि त्यावर विजेसारखी दश्शी आली. एक सेकंदही न थांबता. सुरेख. बिनचूक.

तुळशीरामनं चष्मा वर करून फोन डोळ्यांजवळ आणला. फोटो करडा झाला होता.

"तुला कोनी इचारला?" तो मशीनवर खेकसला, जिंकत आलेला डाव तसाच सोडला, आणि शिवरामला फोन लावला. "शिवा, कितीपर्यंत मोजला व्हतास?"